सहा जण, आठ बिअर आणि एक पेगचं माप

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सहा मित्रांची महिन्याकाठी बैठक असते. त्यांतल्या एकाचा भाऊ न्यू जर्सीहून दिवाळीत येताना तिकडच्या क्राफ्ट बिअर आणणार आहे आणि परत जाताना इकडचं काहीतरी नेणार आहे. काय आणायला सांगावं, ते धड पोहोचेल कसं, देवाणघेवाण बरोबरीची झाली हे कशावरून ठरवावं, आणि एवढ्या लांबून आलेली बिअर सहा जणांत नीट चाखावी कशी?

सुरुवात तारखेपासून करा. ब्रुअरीचं, म्हणजे बिअर बनवणाऱ्याचं, नाव नंतर. बिअर किती दुर्मीळ आहे यापेक्षा ती किती दिवसांची आहे आणि त्यांतले किती दिवस उबेत गेले, यावर चव ठरते. अमेरिकेतल्या ब्रुअऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम वापरतात: ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, यांत बिअर साधारण सारखीच शिळी होते. म्हणजे फ्रिजमध्ये महिनोन्महिने टिकली असती अशी बिअर ऑक्टोबर हीटमध्ये गाडीच्या डिकीत दोन-तीन दिवस राहिली की संपली. आकडे काटेकोर धरू नका, पण प्रमाण लक्षात ठेवा.

हा फटका सर्वांत जास्त बसतो तो हेझी आयपीएला, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेल्या गढूळ, फळांच्या वासाच्या बिअरला. आंबा, पेरू, संत्र्यासारखा जो वास येतो तो हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, तेलांचा. ती तेलं लवकर उडतात आणि कॅनमध्ये राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजननंही बिघडतात. आधी वास जातो, मग बोथट गोडवा वर येतो आणि शेवटी पिवळ्या रसासारखा रंग मळकट तपकिरी होतो. थंडीत ठेवूनही चार ते सहा आठवड्यांत प्यावी अशी ही जात आहे. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या 'प्लिनी द एल्डर' या आयपीएच्या लेबलवर तर ती साठवू नका, ताजीच प्या, असं छापूनच बजावलेलं असतं. उलट १०-१२ टक्के अल्कोहोलचा बॅरलमध्ये मुरवलेला स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर), बार्लीवाइन, बेल्जियन क्वाड्रुपल (दोन्ही जड, कडक बिअर) किंवा लाम्बिक पद्धतीची (हवेतल्या यीस्टवर आंबवलेली) आंबट बिअर प्रवासाला दणकट. पंधरा दिवस सुटकेस आणि कपाटात गेले तरी त्यांचं फारसं बिघडत नाही.

म्हणून भावाला नावांची यादी देऊ नका, प्रकार सांगा: दोन स्टाउट किंवा बार्लीवाइन, एक आंबट, आणि एकच हेझी, तीही निघण्याच्या आदल्या दिवशी थेट ब्रुअरीतून घेतलेली. न्यू जर्सीत राहणाऱ्याला ॲटलांटिक हायलंड्सची कार्टन ही ब्रुअरी आहे, नदी ओलांडली की ब्रुकलिनची अदर हाफ आहे. तिथल्या दुकानाच्या शेल्फवर दोन महिने उभ्या असलेल्या प्रसिद्ध कॅनपेक्षा कालचा साधा कॅन बरा.

तारीख वाचताना एक घोळ हमखास होतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. कॅनच्या बुडाशी १०/०५ असेल तर ती ५ ऑक्टोबर. आपण वाचतो १० मे, आणि ताजी बिअर शिळी समजून बाजूला ठेवतो. काही ठिकाणी वर्षातला कितवा दिवस एवढंच छापतात: २७८ म्हणजे ५ ऑक्टोबर, लीप वर्षात ४. आणि तारीख भरल्याची आहे की 'या तारखेआधी प्या' अशी, हेही बघा. दुसऱ्या प्रकारातून बिअरचं वय कळत नाही, कारण एक ब्रुअरी तीन महिन्यांची मुदत देते तर दुसरी वर्षाची.

आता विमानतळाचा हिशेब. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. अमेरिकन मोठा कॅन ४७३ मिलीचा. चार कॅनचे १,८९२ मिली, बसले. छोटा कॅन ३५५ मिलीचा. पाच बसतात, सहावा घातला की २,१३० होतात. ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि एक मोठा कॅन मिळून १,९७३, म्हणजे कोटा जवळपास पूर्ण. त्याहून जास्त आणलं तर जाहीर करून शुल्क भरायचं, आणि ते बिअरच्या किमतीच्या मानानं परवडत नाही. परत जाताना कोटा निम्मा होतो: अमेरिकेत २१ वर्षांवरच्या प्रवाशाला शुल्काशिवाय एकच लिटर नेता येतं. त्यामुळे चार कॅनच्या बदल्यात चार कॅन ही बरोबरी इथंच मोडते. मापाला माप हा विचार सोडून द्या, बरोबरी कशी ठरवायची त्याकडे पुढे येतो.

बांधणी सोपी आहे. सगळं चेक-इन बॅगेत. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे आकाशात कॅन फुटेल ही भीती नको. फुटतो तो आपटल्यानं. प्रत्येक कॅन वेगळ्या झिप पिशवीत, वर जाड मोजा, बॅगेच्या मधोमध, सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर कपडे. दोन कॅन एकमेकांना टेकू देऊ नका. पातळ ॲल्युमिनियमला दुसऱ्या कॅनची कड लागली की बारीक भोक पडतं. बाटलीच्या बुचावर आडवी-उभी चिकटपट्टी लावली की बूच सैल पडत नाही. चार मोठ्या कॅनचं वजन दोन किलोच्या आसपास भरतं, बॅग तोलताना ते धरा.

एका प्रकाराला मात्र स्पष्ट नाही म्हणा: फळांचा गर भरभरून घातलेले 'स्मूदी सावर' (आंबट बिअरचा प्रकार). त्यांत न आंबलेली साखर शिल्लक असते आणि पुष्कळदा ते पाश्चराइज केलेले नसतात. उबेत यीस्ट जागं होतं, पुन्हा आंबायला लागतं, कॅन आधी तळाशी आणि झाकणाला फुगतो, मग फुटतो. पुण्यात पोहोचेपर्यंत टिकला तरी कुणाच्या तरी माळ्यावर फुटेल. फुगलेला कॅन हातात आला तर हलवू नका. टॉवेलात गुंडाळून थेट फ्रिजमध्ये, आणि पूर्ण गार झाल्यावर मोरीत उघडा.

कुरिअरनं का नाही मागवायची? कारण दोन्हीकडचे नियम आडवे येतात. अमेरिकेचं टपालखातं मद्य स्वीकारत नाही आणि तिथल्या मोठ्या कुरिअर कंपन्या फक्त परवानाधारक पाठवणाऱ्यांकडून ते घेतात. 'काचेच्या वस्तू' असं लिहून खोकी पाठवायची जी रीत तिकडच्या हौशी लोकांत आहे, ती नियमाबाहेरचीच आहे. पार्सल उघडलं, गळलं किंवा हरवलं तर दाद मागायला जागा नाही. आपल्याकडेही तोच प्रकार. गोव्याहून एखादा मित्र तिथली आयपीए आणणार असेल तर गोव्यातलं मद्य महाराष्ट्रात आणायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, 'दोनच बाटल्या आहेत' हे उत्तर नाक्यावर चालत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि मद्य बाळगण्या-पिण्याचा परवानाही कायद्यानं लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. सहाही जणांकडे तो असू द्या. स्वस्त आहे, आणि बैठक घरात असली तरी कायदा तोच.

देवाणघेवाणीच्या रीतीबद्दल. अमेरिकन हौशी मंडळींत साधा सौदा 'दामाला दाम' असतो: दोघांनी दुकानात मोजलेली किंमत सारखी, मग बिअर कोणतीही असो. बाहेर ज्या बाटल्या पाच-दहापट भावानं फिरतात त्यांचा हिशेब या सौद्यात येत नाही, आणि येऊ नये. वर एखादा कॅन न सांगता घालायचा, ही तिकडची पद्धत छान आहे. आपण भाजीवर कोथिंबीर घेतो तशी, फक्त इथं ती मागायची नसते. पैशाचा व्यवहार पूर्ण टाळा. विनापरवाना विक्री हा गुन्हा आहेच, शिवाय पैसे मधे आले की बैठकीतली सहा माणसं गिऱ्हाईक आणि दुकानदार होतात. बेल्जियमच्या सेंट सिक्स्टस मठातले साधू त्यांची 'वेस्टव्लेटरन १२' आधी नोंदणी करणाऱ्यालाच विकतात, तीही पुढे विकणार नाही या अटीवर. त्या बाटल्या तरीही जगभर चढ्या भावानं विकल्या जातात आणि घेणाऱ्याला त्या कुठं, किती उन्हात साठवल्या होत्या हे कधीच कळत नाही. दुर्मीळ बाटलीत पैसे घालण्याआधी हे आठवा.

सौद्यात लपवू नये अशा तीन गोष्टी आहेत: भरल्याची तारीख, ती बिअर फ्रिजबाहेर किती काळ होती, आणि बुचाखालची पातळी. शेजारच्या बाटल्यांपेक्षा पातळी कमी दिसली तर बूच गळतं आहे. या तिन्ही सांगितल्या असतील तर नंतर बिअर वाईट निघाली तरी कुणाचा दोष नाही.

भावानं परत काय न्यावं? बिअर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत जे चांगलं मिळतं ते बहुतेक नळावरचं, ते प्रवासाचं नाही. त्याला तिथंच घेऊन जा. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ साली पुण्यातच सुरू झाली. कोकम घातलेली आंबट-खारट गोझेही या शहरात प्यायला मिळते, आणि ती न्यू जर्सीत मिळणार नाही. न्यायला पुण्यातली मूनशाइनची मीड (मध आंबवून केलेलं मद्य) चांगली, कारण ती टिकाऊ आहे आणि तिकडच्या मंडळींना तिची गोष्ट सांगता येते. नाहीतर गोव्याच्या विमानतळावरून तो निघणार असेल तर काजूची फेणी: २००९ पासून भौगोलिक मानांकन असलेली. तिचं अल्कोहोल साधारण ४२ टक्के, त्यामुळे ती सीलबंद बाटलीतच हवी. २४ ते ७० टक्क्यांच्या मद्याला विमानात माणशी पाच लिटरची मर्यादा आहे, आपला लिटरभर तिच्या आत सहज बसतो.

आता बैठक. चार बिअर भावाच्या, चार इकडच्या, एकूण आठ. त्याहून जास्त ठेवू नका, आठव्यानंतर जीभ थकते. माणशी ६० मिली ओता. घरातलं लार्ज पेगचं माप बरोबर तेवढंच असतं. ३५५ मिलीचा कॅन सहा जणांत जवळपास नेमका बसतो, ४७३ च्या कॅनमध्ये थोडं उरतं, ते आवडलेल्याला पुन्हा वास घ्यायला ठेवा. ६० मिली कमी वाटतात, पण आठ वेळा ६० म्हणजे ४८० मिली. सरासरी ७ टक्के धरलं तर माणशी २६ ग्रॅमहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, आणि त्यात दोन स्टाउट असतील तर ३० च्या पुढे. भारतात गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. थोडंच घेतलं या भरवशावर कुणी दुचाकीला किल्ली लावू नये. रिक्षा किंवा कॅब आधीच ठरवा. टेबलावर एक मोठं पातेलं उरलेलं ओतून द्यायला ठेवा आणि पहिलं ओतणं यजमानानं करावं, म्हणजे बाकीचे संकोचत नाहीत.

ग्लास काचेचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता. वाइनचे छोटे ग्लास उत्तम. कटिंगचा चहाग्लास नाइलाजानं चालतो, पण सरळ भिंतींमुळे वास धरून ठेवत नाही. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही आणि धातूचा वास मधे येतो. भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास आणि चिकटपणा ग्लासात राहिला तर फेस बसतो आणि दोष बिअरच्या माथी जातो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं दोनदा विसळा, फडक्यानं न पुसता जाळीवर उलटे वाळवा. बिअर ओतल्यावर भिंतीला एकाच जागी बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास अजून मळका आहे.

खोलीत उदबत्ती, धूप, अत्तर, मोगऱ्याचा गजरा नको, आणि स्वयंपाकघरात कांदा परतणं थांबवा. चकणा हा खरा भांडणाचा मुद्दा. चकली, शेव, मसाला शेंगदाणे, तंदुरी काहीही चाखून होईपर्यंत बाहेर काढू नका. तिखटानं जीभ पोळली की बारीक चव कळत नाही, आणि मिठानं हॉप्सचा कडवटपणा दबतो. मधल्या वेळात साधा पाव किंवा तेल न लावलेले चुरमुरे आणि खोलीच्या तापमानाचं पाणी. खरं खाणं आठवी बिअर झाल्यावर. उपाशीपोटीही बसू नका, तासभर आधी वरणभात झालेला बरा.

क्रम हलक्याकडून जडाकडे: लागर (नेहमीची फिकट, हलकी बिअर), गव्हाची बिअर, पेल एल (आयपीएहून सौम्य), हेझी, मग आंबट, आणि शेवटी स्टाउट, त्यातही गोड पेस्ट्री स्टाउट सर्वांत शेवटी. आंबट बिअर आधी की आयपीए आधी यावर मतभेद आहेत. आयपीए आधी घ्यावी हे मला पटतं, कारण आंबटपणानं जिभेवरचा हॉप्सचा थर धुतला जातो. उलट केलं तर आयपीए उगाच गोड लागते. तापमानाबाबत आपल्याकडची 'चिल्ड' ची सवय आड येते. लागर ४ ते ७ अंशांना ठीक, आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३. स्टाउट अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. बर्फगार स्टाउटला वासच नसतो, आणि मग 'नुसता कडू आहे' असा निकाल लागतो.

तळाला यीस्ट बसलेली बाटली आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि सहाही ग्लास एकाच झुकावात भरा. बाटली प्रत्येक ग्लासानंतर सरळ केली की गाळ ढवळतो आणि शेवटच्याला चिखल मिळतो. हेफेवाइत्सेन या बव्हेरियन गव्हाच्या बिअरला हे लागू नाही. तिचा गाळ मुद्दाम फिरवून घालतात. बुचावर मेण असेल तर ते सोलत बसू नका: मऊ मेण असतं तिथं ओपनर मेणासकट लावा, कडक असेल तर बुचाच्या कडेखाली चाकूनं गोल रेघ मारा आणि तोंड पुसून घ्या.

चाखताना आधी वास, कारण पहिल्या मिनिटात तो भरकन उडतो. ग्लास नाकाखालून एकदा फिरवा, मग दोन छोटे हुंगे, मग ग्लास गोल हलवून पुन्हा. रंग आणि फेस नंतर बघितला तरी चालतो. घोट तोंडभर फिरवून गिळा. गिळल्यावर नाकातून श्वास सोडला की अर्धी चव तेव्हा कळते. बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, वासाला १२, एकूण परिणामाला १०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि दिसण्याला फक्त ३ गुण असतात, यावरून भर कुठं द्यायचा ते कळतं. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, आधी लिहायचं. एकानं 'केळं' म्हटलं की उरलेल्या पाचांना केळंच येतं.

कॅन झाकून ओता. यजमानानं आतल्या खोलीत ओतून फक्त क्रमांक लावलेले ग्लास आणावेत. परदेशी कॅनची चित्रं बघून पडणारे दोन गुण आपोआप कमी होतात. एखाद्या जोडीबद्दल वाद असेल, म्हणजे इकडची हेझी आणि तिकडची हेझी वेगळी लागते का, तर प्रत्येकाला तीन ग्लास द्या, दोन एकाच बिअरचे आणि एक दुसरीचा, आणि वेगळा कोणता ते विचारा. अंदाजानंही तिघांत एक जण बरोबर सांगतो, म्हणून सहापैकी चौघांनी ओळखलं तरी तो योगायोग असू शकतो. पाच जणांनी ओळखलं तरच फरक खरा माना.

दोष ओळखायला नाक आधी तयार करावं लागतं, आणि ते घरी जमतं. हिरव्या बाटलीतल्या एकाच लागरच्या दोन बाटल्या घ्या. एक वीस मिनिटं उन्हात ठेवा, दुसरी कपाटात. उन्हातल्या बाटलीत हॉप्सच्या कडू संयुगांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं. इंग्रजीत त्याला स्कंकचा वास म्हणतात, पण तो प्राणी आपल्याकडे नाही. जळकं रबर आणि कच्चा लसूण यांच्या मधला वास डोक्यात ठेवा. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच कमी, पांढरी जवळपास नाहीच. कॅनमध्ये हा दोष होऊच शकत नाही, त्यामुळे कॅनच्या बिअरला कुणी 'उन्हात राहिली' म्हटलं तर तो दुसऱ्याच वासाला हे नाव देतो आहे. शिळेपणासाठी तिसरी बाटली आठवडाभर माळ्यावर उष्णतेत ठेवा आणि फ्रिजमधलीशी ताडून बघा: ओला पुठ्ठा, जुनी वही.

बाकीचे वास स्वयंपाकघरात आहेत. उकडलेल्या मक्याच्या कणसाचं पाणी म्हणजे डीएमएस हे गंधकाचं संयुग. फिकट माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेला अर्क नीट, उघड्यावर उकळला नाही की राहतं. पॉपकॉर्नवरचं लोणी आणि ओठांना बुळबुळीत स्पर्श म्हणजे डायॲसिटिल. यीस्टला काम पुरं करू दिलं नाही, किंवा नळाच्या नळ्या धुतलेल्या नाहीत. कच्चं हिरवं सफरचंद म्हणजे बिअर लवकर काढली. दवाखान्यासारखा औषधी वास पाण्यातल्या क्लोरिनमुळे येतो. सोया सॉस जुन्या स्टाउटमध्ये थोडा चालतो, हेझीत नाही. लवंग आणि केळं हेफेवाइत्सेनमध्ये हवेच असतात, लागरमध्ये आले तर दोष. म्हणून ग्लास आणताना यजमानानं नाव लपवावं, प्रकार सांगावा; प्रकार माहीत नसताना दोष ठरवताच येत नाही.

नळावरची बिअर बाटलीत भरून देत असतील आणि तशी परवानगी असेल, तर ती आठातली एक म्हणून आणू शकता, पण बैठकीच्या दिवशीच. भरणाऱ्याला नळी तळापर्यंत घालून, काठोकाठ भरायला सांगा. वर हवा राहिली की दुसऱ्या दिवशीच ती पुठ्ठ्याकडे झुकते. गार ठेवून २४ ते ४८ तासांत संपवा, आणि उघडली की त्याच रात्री.

उरलेल्याचं काय? स्टाउट बूच लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीही बरा लागतो, कधीकधी गॅस कमी झाल्यावर जास्तच बरा. हेझी ठेवू नका. लागर उरली तर भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी घाला, आणि चकण्यासाठी दोन तास थांबलेल्यांना ती भजी द्या.